जंगल राखणाऱ्यांच्या हाती जंगल

(संस्थेच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोकांनी स्वतः राखलेलं जंगल आणि त्यातून मिळणारी रोजीरोटी, या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. आपल्या संस्थेच्या कामासाठी मी जव्हार, विक्रमगड, मोखाडा या भागांतल्या पाड्यांवर जाते. तिथे माझं काम मुख्यतः कागदांचं. ग्रामसभेचे ठराव लिहिणं, दाव्यांची कागदपत्रं लावणं, हिशेबाच्या वह्या तपासणं. त्यामुळे मी जे सांगेन ते कागदांच्या अंगानं सांगेन. पण सुरुवात आपल्या घरातल्या नळापासून करते.

आज वसई-विरारच्या बऱ्याच घरांत येणारं पाणी सूर्या नदीचं आहे. विक्रमगड तालुक्यात धामणीला या नदीवर धरण आहे आणि त्याच्या खाली कवडासचा बंधारा. हा प्रकल्प मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड इथल्या शेतीच्या सिंचनासाठी आखला होता. पुढे शहरं वाढली आणि पाण्याची वाट दक्षिणेकडे वळली. सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर आहे. त्यातले १८५ वसई-विरारसाठी आणि २१८ मीरा-भाईंदरसाठी. हे पाणी ज्या डोंगरांवर पडतं तिथे वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर ही माणसं राहतात. डोंगरावर झाड असेल, पालापाचोळा असेल, तर पाणी मुरतं आणि झऱ्यांतून सावकाश खाली येतं. डोंगर बोडका झाला की तेच पाणी माती घेऊन धावतं आणि धरणात गाळ टाकतं. म्हणजे तिथलं जंगल राहतं की जातं, हा प्रश्न जितका त्यांचा तितका आपलाही आहे. तरीही ते डोंगर ज्यांचे आहेत त्यांच्याच बाया मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यापाशी रांगेत बसलेल्या असतात.

ही गोष्ट वसईकरांना समजावून सांगावी लागू नये. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्याच विहिरींचं गोडं पाणी टँकर भरभरून चाललं होतं, विहिरी खाऱ्या होत होत्या, वाड्यांवर इमारती उठत होत्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. आपल्यातले कित्येक जण त्या मोर्चांत चाललेले आहेत. आपलं म्हणणं काय होतं? या मातीचं, या पाण्याचं काय करायचं हे इथल्या माणसाला विचारल्याशिवाय ठरवू नका. आदिवासी ग्रामसभा आज नेमकं हेच म्हणते आहे.

आता थोडा इतिहास. या डोंगरांवरचं जंगल सरकारचं झालं ते इंग्रजांच्या काळात. १८७८ चा वन कायदा आला, राखीव जंगलं आखली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना पाचोळा गोळा करायलाही परवानगी लागू लागली. आपल्या भागात राबाचा प्रश्न मोठा होता. भाताची रोपं तयार करायची तर वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून ते भाजायचं आणि त्या राखेत पेरायचं, ही इथली रीत. त्या फांद्या तोडायच्या कुठून? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली सरकारला त्यासाठी खास आयोग नेमावा लागला. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती.

त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं एक विचित्र व्यवस्था चालली. परवाना घेऊन ठेकेदारानं ट्रक भरला तर तो व्यापार, आणि म्हातारीनं मोळी बांधली तर ती चोरी. यात जंगलाचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. कारण जे आपलं नाही, उद्या ज्यावर आपला काही हक्क राहणार नाही, ते राखायचं कुणासाठी? आज मी फांदी सोडली तर उद्या दुसरा कोणी तोडणारच आहे, असं प्रत्येकाला वाटू लागलं की कुऱ्हाड थांबत नाही. पाड्यावरची जाणती माणसं हे अगदी सरळ सांगतात: जंगल सरकारचं झालं तेव्हापासून ते कुणाचंच राहिलं नाही.

हे बदलण्याची वाट २००६ च्या वनहक्क कायद्यानं मोकळी केली. या कायद्याचे दोन भाग आपण नीट वेगळे समजून घेऊ. पहिला भाग वैयक्तिक हक्काचा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, पती आणि पत्नी दोघांच्या नावानं. ती वारसानं पुढे जाते, पण विकता येत नाही. दुसरा भाग सामूहिक हक्काचा. गाव किंवा पाडा परंपरेनं जे जंगल वापरत आला, ते राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. इथे चार हेक्टरची मर्यादा नाही. बांबू, मध, मोह, डिंक, तेंदूपत्ता अशा गौण वनोपजावर मालकी लोकांची. इमारती लाकूड मात्र त्यात येत नाही.

आपल्या जिल्ह्यात साहजिकच आधी प्रत्येकाचं लक्ष आपापल्या फॉरेस्ट प्लॉटकडे गेलं. पोट आधी, त्यात काही चूक नाही. पण जंगल वाचतं ते दुसऱ्या भागामुळे. माझं आजचं सगळं बोलणं त्या दुसऱ्या भागासाठी आहे.

तीन गावांचं उदाहरण देते.

पहिलं बारीपाडा, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात. इथले लोक कोकणा, म्हणजे आपल्या जव्हार-मोखाड्यातल्या लोकांचे भाऊबंदच. १९९० च्या आसपास या गावाचा डोंगर उजाड होता, पाण्याची वणवण होती. वनहक्क कायदा तर अजून दूर होता. गावातला शिकलेला तरुण चैत्राम पवार नोकरीच्या मागे न जाता गावातच थांबला. गावानं नियम केले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड. श्रमदानानं चर खणले, दगडी बांध घातले. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल त्यांनी उभं केलं आहे आणि शेजारच्या गावांना पाणी देण्याइतकी त्यांची स्थिती आहे. दर वर्षी तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते. बाया शंभर तऱ्हेच्या भाज्या रांधून मांडतात, लोक लांबून खायला येतात. २०२५ साली चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

दुसरं गाव मेंढा, लेखा गावाजवळचं, गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं. गोंड लोकांचं हे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावानं दिली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे बहुमताची पद्धत बाजूला ठेवून सर्वसहमतीनं निर्णय घेण्याची रीत बसवली. २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवणारं हे देशातलं पहिल्या गावांपैकी एक ठरलं. पण हक्क कागदावर मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना वनखात्याचाच लागत होता. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एवढंसं पुस्तक, पण बांबूचा भाव कोण ठरवणार याचा फैसला त्यात होता.

तिसरं पाचगाव, चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात. २०१२ साली त्यांना सुमारे एक हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. बांबूच्या विक्रीनं गावातच काम मिळू लागलं, बाहेर मजुरीला जाणं कमी झालं. मला सर्वात मोलाचं वाटतं ते पुढचं. तेंदूपत्ता हे तिकडचं नगद पीक. पण चांगली पानं फुटावीत म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात, झाडं छाटली जातात. पाचगावच्या ग्रामसभेनं ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही. झाडाला फळ धरू द्यायचं, ते माणसांनी खायचं, पाखरांनी खायचं. शिवाय सुमारे ३४ हेक्टर जंगल देवराई म्हणून अजिबात हात न लावता सोडून दिलं. गरीब गावानं हातातलं उत्पन्न सोडलं, कारण जंगल उद्याही आपलंच आहे याची त्याला खात्री होती.

‘हक्क दिले तर हे लोक जंगल कापून खातील’ असं आपल्यातलेही काही जण म्हणतात. त्यांना मी पाचगावचं हे उदाहरण देते. मेंढ्याला हक्क मिळाला त्याच २००९ साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नेपाळ, जपान, स्पेन, स्वित्झर्लंड अशा अनेक ठिकाणचे कालवे, कुरणं आणि जंगलं यांचा धांडोळा घेऊन त्यांनी दाखवलं की सामायिक मालमत्ता लोक उधळूनच टाकतात असं नाही. हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, राखण त्यांचीच असेल आणि दंड पायरी-पायरीनं असेल, तर लोक ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपल्या डोंगरांवर जंगल मेलेलं नाही, ते जमिनीखाली वाट पाहतं आहे. साग, ऐन, धावडा ही झाडं तोडली तरी खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. त्या धुमाऱ्यांना पाच-सात वर्षं कुऱ्हाड, जनावराचं तोंड आणि वणवा यांपासून वाचवलं, तर कुणी एक रोप न लावता डोंगर भरतो. लावलेल्या रोपाला मुळं धरायलाच दोन उन्हाळे जातात. खुंटाची मुळं आधीच खोल गेलेली असतात. म्हणून ग्रामसभेचं पहिलं काम असतं ते राखणीची पाळी लावण्याचं. उन्हाळा सुरू होण्याआधी सुकं गवत कापून जाळरेषा काढायच्या, गुरं कुठल्या बाजूला न्यायची ते ठरवायचं, राबासाठी फांद्या कुठल्या झाडाच्या आणि किती घ्यायच्या ते ठरवायचं. शेंडा ठेवायचा, बाजूच्या फांद्या घ्यायच्या, एका वर्षी छाटलेलं झाड पुढची वर्षं सोडायचं, असे साधे नियम असतात. राब बंद करा असं बाहेरून सांगणारे पुष्कळ असतात. पण भात कसा लावायचा हे ज्याला ठाऊक आहे तोच राबाचा नियम करू शकतो.

रोजीरोटीचं म्हणाल, तर जून उजाडताच आपल्या बाजारात आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात, सोबत काकडाची फळं. मग कंटोळी, भारंगी, बांबूचे कोंब. शेवळ्याचा कंद जमिनीखाली असतो. पहिल्या पावसाच्या वासानं तो वर येतो. तिथे बुलडोझर फिरला की शेवळं संपलं, ते पुन्हा पेरता येत नाही. ती जुडी आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करून घेतो, पण त्या घरात शाळेच्या वह्या त्याच जुडीवर येतात. आणि विकायचं नसेल तेव्हा तेच अन्न असतं. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला बालमृत्यू झाले तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. कुपोषणावर औषध हवं, अंगणवाडी हवी, हे खरंच. पण आषाढात घरातलं धान्य संपतं तेव्हा रानातली भाजी आणि कंद हाताशी असणं, हेही त्यातलंच आहे.

आता अडचणी. दावा करणं सोपं नाही. वनहक्क समिती बसवायची, पारंपरिक हद्दीचा नकाशा काढायचा, शेजारच्या पाड्यांशी बसून हद्द मान्य करून घ्यायची. वृद्धांचे जबाब, जुनी विहीर, वाघोबाचं ठिकाण, स्मशान हे सगळे पुरावे कायद्याला चालतात, पण ते लिहून काढावे लागतात. ग्रामसभेला निम्मे गावकरी हवेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया. मग दावा उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हा समितीकडे. एखादा कागद कमी पडला की फाइल परत. आणि दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो, आपल्याच वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर. तो परततो शिमग्याला किंवा त्याहून उशिरा. म्हणून हद्द फिरण्याचं काम पावसाळा ओसरता-ओसरता उरकावं लागतं. जव्हार-विक्रमगडमध्ये वयम् चळवळीसारख्या संघटना गावांना हा कायदा शिकवण्याचं काम वर्षानुवर्षं करत आहेत. काम करणाऱ्या हातांची गरज तरीही आहेच.

आणि वेळ थोडा आहे. बुलेट ट्रेन, महामार्ग, वाढवण बंदर, सगळं याच जिल्ह्यातून चाललं आहे. मी इथे विकासाच्या विरोधात भाषण करायला उभी नाही. पण ज्या ग्रामसभेच्या हातात जंगलाच्या हक्काचा कागद आहे तिला विचारावं लागतं, आणि जिच्या हातात नाही तिला नंतर कळवलं जातं, एवढा फरक मी पाहते. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ‘नाही’ म्हणाल्या.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिलं. त्यात त्यांनी आदिवासी समाजाबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की त्यांच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा संवाद आधी त्यांच्याशी व्हायला हवा, आणि ते स्वतःच्या जमिनीवर राहतात तेव्हा तिची सर्वात चांगली काळजी तेच घेतात. धर्मग्रामांत हे परिपत्रक वाचलं गेलं, त्यावर शिबिरं झाली. त्याचा अर्थ आपल्या जिल्ह्यात काय होतो, हे ठरवण्याची वेळ आता आली आहे.

तेव्हा आपण काय करायचं?

दर पावसाळ्यात आपल्याकडे फोन येतात: आमचा गट दोनशे रोपं घेऊन येतो, जागा दाखवा. तुमची भावना मोठी आहे, मी तिचा मान राखते. पण माझी विनंती आहे की रोपांच्या ऐवजी माणसं पाठवा. आपल्या समाजात निवृत्त तलाठी आहेत, मोजणी खात्यातले लोक आहेत, बँकेत आयुष्य काढलेले आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. ज्याला नकाशा वाचता येतो त्यानं पाड्यावर येऊन चार दिवस हद्द फिरावी. ज्याला हिशेब येतो त्यानं ग्रामसभेच्या दोन मुलींना रोकडवही लिहायला शिकवावं. ज्याला कायदा येतो त्यानं परत आलेली फाइल वाचून काय कमी आहे ते सांगावं. यासाठी मोठी देणगी लागत नाही. एसटीचं भाडं, मुक्कामाला शाळेची खोली आणि भाकरी पाड्यावर मिळतेच.

ज्यांना पैसेच द्यायचे आहेत त्यांनी ते मोजणीच्या साहित्यासाठी, कागदांच्या प्रतींसाठी आणि राखणीच्या पहिल्या दोन वर्षांसाठी द्यावेत. त्यांचा हिशेब ग्रामसभा भिंतीवर लिहून लावील. ज्यांना बाजारात मदत करायची आहे त्यांनी पावसाळ्यात धर्मग्रामाच्या आवारात रविवारी रानभाज्या विकायला जागा द्यावी आणि मागितलेला भाव द्यावा.

शेवटची गोष्ट थोडी अवघड आहे. आपण मदत करतो तेव्हा निर्णयही आपणच घ्यावा असं आपल्याला वाटू लागतं. मी ग्रामसभेत बसते तेव्हा माझी जागा मागच्या भिंतीपाशी असते. चर्चा कधीकधी रात्री अकरापर्यंत चालते, मध्येच भांडण होतं, विषय राहून जातो, पुढच्या बैठकीला पुन्हा निघतो. मला घड्याळ दिसत असतं, शेवटची गाडी दिसत असते. पण जो नियम त्या भांडणातून निघतो तो मोडायला कुणी धजत नाही, कारण तो प्रत्येकानं स्वतः मान्य केलेला असतो. आपण लिहून दिलेला नियम कितीही चांगला असला तरी तो आपल्या पाठीमागे एक उन्हाळाही टिकत नाही.

या वर्षी पावसाळा ओसरताच तीन पाड्यांची हद्द फिरायची आहे. प्रत्येक पाड्याला लिहिता-वाचता येणारी, डोंगर चढू शकणारी निदान चार माणसं हवी आहेत. नावं आपापल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात द्या, वयाची अट नाही. सोबत टोपी, पाण्याची बाटली आणि चांगले बूट आणा. वाट पाड्यावरची माणसं दाखवतील.